पायाने केलेला नमस्कार

माझ्या बायकोने मला शिकवायला घेतलेल्या गोष्टींपैकी एकच माझ्या अंगात मुरली, आणि तीही फक्त पायात. चारचौघांत बोलणं, बाजारात घासाघीस करणं, पोहणं, यातलं काहीच मला जमलं नाही. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो, तेही बहुतेक फळ्याकडे तोंड करून. गाडी मात्र चालवू लागलो, चाळिशी उलटल्यावर, मालतीच्या शेजारी बसून.

मालती आमच्या करंजवड्यात बायकांना मोटार शिकवायची. तिची गाडी जुनी होती, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली. पहिला धडा आमच्या अंगणात, जास्वंदीला वळसा घालून. शेवटचा धडा धामणी रस्त्यावर, खिंडीत. त्या खिंडीच्या वळणावर म्हसोबाचं ठाणं आहे. तिथून जाताना आमच्याकडचा प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरचा हात काढून कपाळाला लावतो. वळण अवघड, खाली ओढा. मालतीला ही पद्धत मुळीच खपायची नाही.

"हात सोडायचा नाही," ती बजावायची. "म्हसोबाला पायानं नमस्कार करा. ब्रेकवर दोनदा पाय टेकवायचा. वेगही उतरतो आणि देवालाही पोचतो."

देवाला पाय लावायला शिकवते म्हणून खिंडीतला गुरव एकदा तक्रार घेऊन घरी आला होता. मालतीने त्याला चहा दिला आणि विचारलं, "तुमच्या देवासमोरून आजवर किती गाड्या ओढ्यात गेल्या? तो तरी एकटा कुणाकुणाला धरणार?" गुरव चहा पिऊन गेला. पुढे त्याची सूनही तिच्याकडे शिकायला आली.

मालती गेल्यानंतर वर्षभराने 'चालओळख' आली. तिला ते यंत्र आवडलं असतं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही.

*

यंत्र म्हणायचं, पण रस्त्यावर दिसण्यासारखं त्यात काही नाही. इंटरनेटच्या केबली रस्त्याकडेने आधीच पुरलेल्या होत्या. त्यांच्यात केसासारखे काचेचे तंतू असतात. अशा तंतूतून प्रकाशाचा एक झोत सोडला की तो सगळाच्या सगळा पुढे जात नाही. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात कणाकणाला थोडा उणा-अधिकपणा राहतोच, आणि अशा प्रत्येक जागेवरून अगदी नाममात्र प्रकाश मागे परततो. वरून गाडी गेली की जमीन थरथरते, तंतू किंचित ताणला जातो आणि परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. तो किती वेळाने परतला यावरून जागा कळते. कसा बदलला यावरून थरथर कळते. एक खड्डाही न खणता अख्खा रस्ता एक लांबलचक कान झाला.

कॅमेऱ्याला धुकं आडवं येतं, नंबरप्लेटला चिखल फासता येतो. या कानाला तसं काही लागू होत नव्हतं. इंजिनाचे ठोके, टायरांचा तोल, स्प्रिंगांचा ताठरपणा, विजेच्या मोटारीची शीळ, या सगळ्यांची मिळून प्रत्येक गाडीची एक चाल असते. कुणी सायलेन्सर काढला, स्प्रिंगा कापून गाडी बुटकी केली, की पुढच्या चौकात पोलीस उभे. मुख्य शिकार होती 'खोललेल्या' गाड्यांची. नव्या गाड्यांत वेगबंद सक्तीचा झाला होता. रस्त्याला जितका वेग ठरवून दिला आहे, तितकाच मिळायचा, मग तुम्ही पाय तळापर्यंत दाबा. हळूहळू सगळ्यांना पाय तळापर्यंत दाबायचीच सवय लागली होती. वेगबंद तोडलेली गाडी म्हणजे खोललेली गाडी.

पुढे त्या कानाला गाडीमागोमाग माणूसही ऐकू येऊ लागला. कोण वळणाआधी किती लवकर पाय काढतो, कोण गतिरोधकावर कसा चढतो, हे हस्ताक्षरासारखं असतं म्हणे. लायसनचं नूतनीकरण करताना प्रत्येकाची चाल यंत्राच्या साठ्यात, गाड्यांच्या चालींशेजारी, घेऊन ठेवायला सुरुवात झाली. फक्त सेवेतले पोलीस त्यातून वगळले होते. नाहीतर पाठलाग करणारा प्रत्येक शिपाई बेदरकार ठरला असता.

हे सगळं मला त्या वेळी फार हुशारीचं वाटलं होतं. मी त्यावर गावच्या वाचनालयात एक व्याख्यानही दिलं. आठ माणसं आली होती.

*

रेश्मा नदाफ आमच्या घरी आली ती सोमवारी, दुपारच्या चहाच्या वेळी. वाहतूक शाखेची सहायक निरीक्षक. बूट दाराबाहेर काढून ती आत आली आणि मालतीच्या फोटोसमोर क्षणभर उभी राहिली.

"ओळखलंत का सर? बारावीला तुमच्याकडं होते. शेवटच्या बाकावर."

मला शेवटचा बाक कधीच नीट दिसला नव्हता. तरी मी हो म्हणालो. तिला 'तू' म्हणावं की गणवेशाकडे बघून 'तुम्ही', हे ठरेना, म्हणून मी क्रियापदं टाळत बोललो. "चहा?"

"नको सर. जास्वंद अजून आहे की अंगणात." मग तिने टॅबलेट काढून माझ्यापुढे ठेवला. "शनिवारी सकाळी खिंडीच्या पलीकडं ज्ञानू चव्हाणला उडवलं. झेंडू घेऊन बाजारला येत होता, मोपेडवर. अजून शुद्धीवर नाही. गाडी थांबली नाही."

मी पेपरात वाचलं होतं.

"गाडी कुठली ते कळत नाही," ती म्हणाली. "चालू साठ्यात अशी चालच नाही. खोललेली होती एवढं नक्की. साठच्या रस्त्यावर एकशे अठरा."

"आणि चालवणारा?"

तिने दाराबाहेर पाहिलं. "यंत्रानं नाव दिलंय. सुहास दिनकर हेर्लेकर. सत्त्याऐंशी टक्के."

सुहास माझा मुलगा. उद्यमनगरात त्याचं गाड्यांचं वर्कशॉप आहे. लग्न मोडल्यापासून तो माझ्याजवळ राहतो, म्हणजे एका घरात राहतो. आमचं बोलणं भाजी आणि वीज यांपलीकडे क्वचितच जातं.

"नव्वदच्या वर असतं तर मी आज त्याला घेऊनच गेले असते," रेश्मा म्हणाली. "खाली असलं की नैसर्गिक चालीची चाचणी करायला लागते. सांगून केली तर माणूस वेगळा चालवतो. म्हणून घरच्यांची मदत घेतो आम्ही. रविवारी त्याला घेऊन धामणीला जा, सर. काहीतरी काम काढा. गाडी त्याला चालवू द्या. खिंडीतून एकदा गेलात की बास."

मला नाही म्हणता येत नाही. हा माझा जुना आजार आहे. मी मान हलवली असावी.

मग तिने आलेखावर बोट ठेवलं. लांब चढत गेलेली रेघ होती आणि वळणाच्या जागी तिच्यात दोन बारीक खाचा होत्या, एकमेकींना लागून.

"हे काय असेल सर? वेग एवढा, आणि इथं ब्रेक धरलेला नाही. नुसता टेकवलाय. दोनदा."

ते काय होतं हे मला या जगात कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. मी चष्मा काढून पुसला.

"कल्पना नाही," मी म्हणालो.

"मलाही नाही कळलं," ती म्हणाली आणि टॅबलेट बंद केला.

*

त्या आठवड्यात मी माझ्या मुलाकडे जितकं पाहिलं तितकं त्याच्या लहानपणीही पाहिलं नसेल. तो फोनवर बोलताना मी खोलीत गेलो की तो गप्प व्हायचा. पूर्वीही होत असेल, मला आठवत नव्हतं. त्याच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. शनिवारी सकाळी तो घरी होता का? मी सकाळी वाचत बसलो की घरात हत्ती आला तरी मला कळत नाही. मी आठवायचा प्रयत्न केला तेव्हा दोन्ही आठवणी सारख्याच स्पष्ट दिसल्या, तो असल्याची आणि नसल्याची.

गुरुवारी मी डबा घेऊन त्याच्या वर्कशॉपवर गेलो. शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. वाकून आत गेलो.

"बाबा? वाट चुकला काय?"

"डबा आणला."

सुहासने माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं आणि मग टेबलावरच्या डब्याकडे. "मी सकाळीच घेऊन आलोय की. तुमच्याच हातनं."

मला खोटंही धड जमत नाही. मी काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यात मला कोपऱ्यातल्या फळीवर वहीएवढी एक काळी पेटी दिसली. तिच्या वायरी कापलेल्या होत्या. वेगबंदाच्या पेटीचं चित्र मी माझ्या व्याख्यानात दाखवलं होतं. सुहासने माझी नजर पाहिली. त्याने खांद्यावरचं फडकं पेटीवर टाकलं.

"आता दोन डबे खायला लागणार," तो म्हणाला. "बसा, अर्धा तुम्ही खावा."

आम्ही जेवलो. वांग्याची भाजी मीच केली होती, पण चव लागली नाही.

*

रविवारी धामणीच्या वाचनालयाला जुनी पुस्तकं द्यायची आहेत, असं मी सांगितलं. सुहासने पुस्तकांचे गठ्ठे मागच्या सीटवर ठेवले आणि त्यातलं एक उचलून पाहिलं.

"हे तर तुमचं आवडतं. हेही देऊन टाकायचं?"

"हो. आता डोळे कुठे आहेत?"

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना ऊस होता. रस्त्याच्या कडेला केबलीच्या खुणेचे नारिंगी खांब ठरावीक अंतराने येत होते. एरवी ते मला दिसतही नसत. सुहास नेहमीसारखा चालवत होता, एक कोपर खिडकीत. मी त्याच्या पायाकडे पाहत होतो. लहानपणी मालतीच्या मांडीवर बसून हा जास्वंदीभोवती फिरला होता. खिंडीत त्याचा पाय दोनदा टेकणार याची मला खात्री होती. सत्त्याऐंशीचे नव्वद व्हायला तेवढं पुरलं असतं.

ज्ञानू चव्हाणचा मी कुणीच लागत नव्हतो, पण तोही कुणाचा तरी होता. सुहासने हे केलं असेल, तर ते कळायलाच हवं, असं मी आठवडाभर मनाशी घोकत होतो. चढ लागला, खिंड समोर दिसली, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"थांब. मी चालवतो."

"इथं? चढावर?"

"थांब म्हणतो ना."

त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"नदाफ मॅडम घरी आलत्या," तो म्हणाला. "शेजारच्या काकूंनी सांगितलं मला. सोमवारीच. म्हटलं बाबा कधी विचारतात बघू. तुम्ही विचारायच्या ऐवजी डबा घेऊन आला."

मला त्याच्याकडे पाहवेना.

"माझी चाल तपासायला आणलंय ना मला? पुस्तकं बिस्तकं सगळं..."

"मी थांबवलं ना," मी म्हणालो.

"का थांबवलं? मी केलं असं वाटतंय म्हणूनच थांबवलं ना?" तो हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "विचारा की तोंडानं. एकदा तरी."

मी विचारलं. मुलाला असं विचारताना आवाज कसा निघतो, ते मी इथे लिहू शकत नाही.

"नाही," तो म्हणाला. "चालवली नाही. पण खोलली मीच."

मग त्याने सांगितलं. एका ठेकेदाराच्या मुलाची पांढरी गाडी होती. वेगबंद तोडून हवा होता. सुहासने तोडून दिला. तशा त्याने आणखीही खोलल्या होत्या. शुक्रवारी नाक्यावर ती गाडी पकडली गेली. ठेकेदाराच्या मुलाने तिथूनच सुहासला फोन केला, "भावा, तुझं नाव घेतलं नाही, तू पण माझं घेऊ नको." शनिवारी अपघाताची बातमी आली. मोपेडवर पांढऱ्या रंगाचे ओरखडे, एकशे अठराचा वेग.

"गाडी शुक्रवारीच जप्त झाली," सुहास म्हणाला. "जप्त झाली की तिची चाल साठ्यातनं काढतात. म्हणून यंत्राला ती सापडत नाही. आता सांगा, शनिवारी ती गाडी कुणाच्या ताब्यात होती?"

खाली ओढ्याकडून कुणीतरी गुरं हाकत होतं.

"हे पोलिसांना सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? पोलिसांना, पोलिसांनीच केलंय म्हणून? आणि सांगायचं म्हणजे आधी खोलली मी, हे कबूल करायला लागतंय. वर्कशॉप गेलं. मी आत." तो दार उघडून उतरला. "चला, चालवा तुम्ही."

मी चालवलं. खिंडीच्या वळणावर माझा पाय ब्रेकवर दोनदा टेकला. सुहास खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आई मागं बसल्यासारखं वाटतं."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाहतूक शाखेत गेलो. सुहासला सांगितलं नाही. मला वाटत होतं, त्या अख्ख्या कचेरीत माझ्या ओळखीचं एकच माणूस आहे, आणि ते माझ्या वर्गात बसलेलं आहे. हा युक्तिवाद किती कच्चा आहे, हे मला जिन्यावरच कळलं होतं. तरी मी चढत राहिलो.

रेश्माने चाचणी का झाली नाही, हे विचारलं नाही. मी एका दमात म्हणालो, "शुक्रवारी नाक्यावर एक पांढरी गाडी जप्त झाली. ती शनिवारी सकाळी कुठे होती?"

तिच्या हातातलं पेन थांबलं. शेजारच्या टेबलावरचा शिपाई मान वर करून माझ्याकडे पाहू लागला.

"चला सर," ती उठली. "जागा बघून येऊ."

"आत्ता?"

"आत्ताच."

खाली सरकारी जीप उभी होती. तिच्यासमोरून जाऊन रेश्माने एका लहान निळ्या गाडीचं दार उघडलं. तिची स्वतःची. मी बसलो. पट्टा लावला. मी कुठे आणि कुणाबरोबर चाललो आहे, हे घरी कुणालाच माहीत नव्हतं. हिला विचारायचं ते मी कचेरीतच, चार माणसांसमोर विचारायला हवं होतं. पण चार माणसांसमोर मी आयुष्यात कधी काय विचारलं आहे?

ऊस, नारिंगी खांब, चढ. मी तिच्या हातांकडे पाहत होतो. समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याने म्हसोबा दिसताच एक हात कपाळाला नेला आणि टेम्पो किंचित आमच्या बाजूला झुकला. रेश्माचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते. ते हलले नाहीत.

मग गाडीने एकदा मान तुकवली, आणि पुन्हा एकदा.

मला ते सीटमधून कळलं. मालतीच्या शेजारी बसून इतकी वर्षं माझ्या पाठीला जे माहीत झालं होतं, तेच. तोच दाब, दोहोंमध्ये तेवढीच उसंत. मी डोळे मिटले असते तर शेजारी कोण आहे, याबद्दल माझी फसगत झाली असती.

वळण ओलांडल्यावर तिने गाडी कडेला घेतली. रस्त्यावर, उसाच्या तोंडाशी वाळलेला झेंडू अजून चिकटून होता.

"बाईंनी शिकवलं मला," रेश्मा म्हणाली. "बारावीच्या सुट्टीत. अब्बांना न सांगता. फी घेतली नाही त्यांनी."

"तो आलेख..."

"बघितल्याबरोबर ओळखला. मीच चालवत होते ना." ती झेंडूकडे पाहत होती. "जप्त गाड्यांचा तळ धामणीला आहे. क्रेन बंद होती, म्हणून मी म्हटलं, मीच नेऊन लावते. पाय तळाला गेला, सर. सवयीनं. माझ्या गाडीत तळाला गेला तरी साठच. ही खोललेली, सुटलीच."

"पण तू दोनदा..."

"टेकवला. नमस्कारापुरता." तिने पायाकडे पाहिलं. "ब्रेक लावायला पाहिजे होता. मी नुसता नमस्कार केला."

माझ्या डोळ्यांपुढे मालती आली. वेगही उतरतो आणि देवालाही पोचतो. त्यातलं अर्धंच हिच्या पायात उरलं होतं.

"थांबली का नाहीस?" मी विचारलं. तिला मी 'तू' म्हणतो आहे, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"आरशात फुलं दिसली. रस्ताभर. फुलं सांडली असं म्हटलं मी मनाला. तळावर पोचेपर्यंत तेच म्हणत होते. मग वायरलेसवर आलं. मग यंत्रानं सुहासचं नाव दिलं." तिने डोळे पुसले नाहीत. "वाईट म्हणजे, हायसं वाटलं."

"मग मला कशाला दाखवलास तो आलेख?"

"तुम्ही ओळखाल असं वाटलं. ओळखू नये असंही वाटलं. तुम्ही कल्पना नाही म्हणाला. मला कळलं, तुम्ही खोटं बोलताय. म्हटलं, सर सुहाससाठी खोटं बोलताहेत, तर मग मी..." तिने वाक्य सोडून दिलं. "आज सकाळी मी माझी चाल साठ्यात घातली, सर. नागरिक म्हणून. आत्ता खिंडीतनं गेलो ते यंत्रानं ऐकलंय. संशयितांच्या यादीतलं पहिलं नाव आज बदललं."

तिने गाडी वळवली आणि मला घरापर्यंत सोडलं. परतताना खिंडीत पुन्हा तेच, दोनदा.

*

यंत्राने तिला शहाण्णव टक्के दिले. सुहासने स्वतःहून जबाब दिला. वर्कशॉपला सील लागलं, खटला चालू आहे. रेश्मा निलंबित आहे. ज्ञानू चव्हाण वाचला. एक पाय वाकत नाही, त्यामुळे आता तो बाजारात बसून फुलं विकतो. मी त्याच्याकडून झेंडू घेतो. आमची ओळख नाही, आणि करून घ्यायचं धैर्य मला झालेलं नाही.

तिने आपली चाल खरोखर सकाळीच नोंदवली होती का? की मी कचेरीत तो प्रश्न विचारल्यावर, जिना उतरता उतरता, फोनवरून? यंत्राला ते नक्की माहीत असणार. मी विचारलेलं नाही. कधी मला ती मालतीची विद्यार्थिनी वाटते, कधी नुसती हुशार पोलीस. रात्रीच्या आणि सकाळच्या मतांत फरक पडतो.

सुहास आता कुठे जातो, कधी येणार, ते मी न विचारता सांगून जातो. त्याने पूर्वी सांगितलं नाही तेव्हा मला इतकं बोचत नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढेच घडली. यंत्र शिकत असतं. सुहास, रेश्मा आणि मी यांच्या चालींतलं साम्य त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने आपणहून साठा चाळून आणखी माणसं काढली. नवीन निरीक्षकांनी मला कौतुकाने सांगितलं, "सर, यंत्रानं स्वतः एक गट बनवलाय. गट सतरा. अडीचशेच्या आसपास बायका, दोनतीन पुरुष. का ते त्यालाही सांगता येत नाही. धामणी रस्त्याला काही झालं की आधी गट सतराची चौकशी."

का ते मला माहीत होतं. सांगितलं असतं तर त्यांनी गटाला नाव दिलं असतं. मी गप्प बसलो. मालतीचं नाव त्या खात्याच्या तोंडी नको होतं मला.

मग नोटिसा येऊ लागल्या. निवृत्त नर्स इंदुमती कांबळे अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

"सर, बाईंनी आम्हाला काय शिकवून ठेवलंय ओ? महिन्यात तिसऱ्यांदा बोलावलं मला. ओढ्यात म्हैस पडली तरी माझी चौकशी!"

"मग काय करणार?"

"करायचं काय? हात सोडून नमस्कार करते आता, सगळ्यांसारखा. पाय ब्रेककडं नेतच नाही. बाकीच्या पण तसंच करायला लागल्यात. मागच्या आठवड्यात नाव गेलं माझं गटातनं." त्या जास्वंदीपाशी घुटमळल्या. "बाईंनी बघितलं असतं तर कान उपटले असते."

काल मी एकटाच धामणीला गेलो. ते आवडतं पुस्तक वाचनालयातून परत मागून आणायला. माझीही नोटीस कधीतरी येणार, आणि या वयात तो जिना पुन्हा चढायचा नाही, असं मी ठरवलं होतं. खिंड आली. मी डावा हात सोडला आणि कपाळाकडे नेला. गाडी ओढ्याच्या बाजूला झुकली.

तेवढ्यात पाय ब्रेकवर टेकला. एकदा. आणि पुन्हा एकदा.

मी हात परत स्टिअरिंगवर ठेवला. रस्त्याकडेला पुरलेल्या काचेत तेवढा प्रकाश परत फिरला असणार.